नऊ कोरी कार्डं

तंजावरच्या त्या कर्करोग रुग्णालयात नवं माणूस कामाला लागलं की पहिल्या आठवड्यात त्याला दोन गोष्टी सांगितल्या जात. कँटीनमधलं सांबार अकराच्या आत घ्यावं, नंतर त्यात पाणी वाढतं. आणि एखादी जुनी रोगी बाई आज कुठं आहे, कशी आहे, हे हवं असेल तर संगणकाला विचारत बसू नये, चंद्रमतीअक्कांना विचारावं.

चंद्रमती तिथं एकतीस वर्षं होती. कागदावर नोंदणी विभागातली कारकून, पण तिचं काम कारकुनीचं नव्हतं. उपचार संपवून घरी गेलेल्या बायकांचा माग ठेवायचा, दर वर्षी त्यांची खबर काढायची, हे तिचं काम. ज्यांनी तिला या कामाला लावलं ते डॉक्टर बाळकृष्णराव कधीच गेले. ते म्हणायचे, "औषध दिलं, बाई घरी गेली. पुढं काय? पाच वर्षांनी ती नळावर भांडते आहे की भिंतीवरच्या फोटोत हार घालून बसली आहे, ते ठाऊक नसेल तर आपण काय डॉक्टरकी केली?"

तेव्हा फोन कुणाकडे होते? जोडकार्डं होती. दोन पोस्टकार्डं एकमेकांना चिकटलेली, एकावर रुग्णालयाचा प्रश्न, दुसऱ्यावर परतीचा पत्ता आधीच छापलेला. बाईनं दुसरं फाडून, त्यावर खबर लिहून पेटीत टाकायचं. पहिल्या वर्षी चंद्रमतीनं शंभर कार्डं पाठवली, चौदा परत आली. बाळकृष्णराव चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पोस्टमनला शिव्या घालू नक्को. त्या बायांना लिहिता कुठं येतं?"

त्या दिवशी संध्याकाळी घरी नणंदेच्या लग्नाच्या पत्रिका निघत होत्या. सासूबाई एकेक पत्रिका पुढं सरकवत होत्या आणि चंद्रमती ओल्या हळदीत बोट बुडवून चारी कोपरे पिवळे करत होती. सत्तराव्या की एकाहत्तराव्या पत्रिकेला तिच्या डोक्यात ते आलं. दुसऱ्या दिवसापासून उपचार संपवून निघालेल्या प्रत्येक बाईला ती दारापर्यंत पोहोचवायला जाऊ लागली. "लिहू नका काही. वर्षानं माझं कार्ड येईल. बरं असेल तर चारी कोपऱ्यांना हळद लावा आणि टाका पेटीत. मग मी तपासणीची तारीख कळवीन."

पुढच्या वर्षी शंभरातली ब्याऐंशी परत आली.

काय काय यायचं त्या कार्डांबरोबर! कुणी हळदीबरोबर कुंकवाचा ठिपका द्यायची. कुणी मधल्या कोऱ्या जागेत पेनानं छोटी रांगोळी काढायची. एकीच्या नातवानं पाढे लिहिले होते, सातच्या पाढ्यात चूक होती. तिरुवैयारुची एक बाई दर वर्षी अंगठाही उठवायची, जणू बँकेतच आली आहे. पावसाळी हवेत टेबलाचा खण उघडला की खोलीभर हळदीचा वास सुटायचा आणि समोरच्या बिलाच्या खिडकीतला प्रतापसिंह ओरडायचा, "अक्का, आज फोडणी कशाची?"

ही गंमत होती, पण दुसरंही काही होतं. घरातली बाई गेली तर कार्डाचं काय करायचं, हे चंद्रमतीनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? ते आपसूक ठरलं. एकदा एक कार्ड कोरं परत आलं, हळद नाही, काही नाही. ती दुसऱ्याच दिवशी बसनं त्या गावी गेली. ओटीवर फोटो होता, फोटोला हार होता. त्यानंतर कोरं कार्ड आलं की तिला कळायचं. ती त्या बाईच्या कागदावर 'निधन' लिहायची, कार्ड आल्याची तारीख घालायची आणि त्या घरी पुढचं कार्ड पाठवायची नाही. दुखवट्याच्या घरात 'आपली प्रकृती कशी आहे' असं विचारणारं कार्ड पडणं तिला बरं वाटायचं नाही.

यंदाच्या ऑगस्टात डॉक्टर सौम्या तिच्याकडे आली ती लॅपटॉप छातीशी धरूनच. सौम्या म्हणजे मेलवीधीतल्या जयश्रीची मुलगी. चंद्रमतीच्या घरापासून चौथं दार. लहानपणी फ्रॉकमध्ये चिंचा भरून पळायची, आता कर्करोगाची डॉक्टर. घरचं मराठी तिला सगळं समजायचं, बोलताना मात्र निम्मं तमिळमध्ये वाहून जायचं.

"अक्का, जानेवारीत मोठी कॉन्फरन्स आहे. आपलं काम पाठवूलागलोंय." ती खुर्ची ओढून बसली. "तुमच्या बायका. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, दोन हजार तीन ते सात, एकशे शहाऐंशी जणी. दहा वर्षांनी किती जगल्या. खेड्यातल्या बायकांचा इतका पूर्ण माग कोणाकडे नाही, अक्का. कोणाकडेच नाही."

"मग पाठव की."

"आधी अॅब्स्ट्रॅक्ट पाठवायचं. सारांश. सगळं मिळून दोन हजार अक्षरं, एक जास्त झालं की यंत्र घेत नाही. तो पसंत पडला तर बोलावतात. शुक्रवारी पाचला खिडकी बंद." तिनं पडदा वळवून दाखवला. नावांची ओळ होती. पाच नावं, शेवटचं चंद्रमतीचं.

चंद्रमतीनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आपलं नाव इंग्रजीत, डॉक्टरांच्या रांगेत. या महिन्याच्या अखेरीला ती निवृत्त होणार होती. नारळ, शाल आणि घड्याळ ठरलेलं होतं. हे ठरलेलं नव्हतं.

"पण अक्का, एक." सौम्या खाली बघत म्हणाली. "जिवंत असलेल्यांचं काही नाही. त्या नंतर तपासणीला आल्या, फोनवर बोलल्या. एकाहत्तर गेल्या, त्यातल्या बासष्ट जणींचे दाखले आहेत. नऊ जणींना काही नाही. नुसतं कार्ड."

"कोरं कार्ड."

"हो. कोऱ्या कार्डावरनं मरण कसं लिहायचं?"

"का? लिहिलंय की मी."

"ते नाही अक्का, कोणी विचारलं तर—"

"कोणी विचारलं तर सांग, हळद नव्हती." चंद्रमतीचा आवाज चढला. "तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी ही कार्डं वाचतेय. शंभर घरी गेलेय. एकदा चुकले असेन तर दाखव."

चंद्रमतीअक्कांना दाखवायला सौम्याजवळ काहीच नव्हतं. "सेरी, अक्का," एवढं म्हणून ती उठली. म्हणजे बरं. पण ते बरं वाटल्याचं नव्हतं.

घरी आल्यावर चंद्रमतीचा राग भांड्यांवर निघाला. तिचे यजमान सूर्यनारायण शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि बायकोच्या भांड्यांच्या आवाजावरनं रुग्णालयातली हवा ओळखण्यात ते तरबेज झाले होते.

"आज डॉक्टर की रोगी?" त्यांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"जयश्रीची मुलगी."

"मग तवा सावकाश ठेव. तव्याचा दोष नाही."

जेवणं झाल्यावर ती टेबलाशी बसली. कुंभकोणच्या भाच्याचं लग्न होतं. तिला जाता येणार नव्हतं, म्हणून आशीर्वादाचं पत्र आणि साडीचं पुडकं कुणाबरोबर तरी धाडायचं होतं. पत्र लिहून झालं, घडी घातली, आणि हात सवयीनं मिसळणाच्या डब्याकडे गेला.

"अगं, काय करतेस?" सूर्यनारायण म्हणाले. "यंदा आपल्याला नाही चालत."

त्यांच्या आई फेब्रुवारीत गेल्या होत्या. वर्ष व्हायचं होतं. यंदा घरात सण नाही, दारात मोठी रांगोळी नाही, आणि या घरातून बाहेर पडणाऱ्या पत्राला हळद नाही.

"हो की," चंद्रमती म्हणाली आणि डबा मिटला. पत्र पाकिटात घातलं. पाकिटाचे चारी कोपरे कोरे होते.

ती तशीच बसून राहिली. पाकीट हातात होतं. पत्र पाठवणारी बाई धडधाकट, एकोणसाठ वर्षांची, आताच दोन पोळ्या आणि वाटीभर डाळ जेवून बसलेली. आणि पाकीट कोरं.

"काय झालं?" सूर्यनारायणांनी विचारलं.

"मी मेले," ती म्हणाली.

"अं?"

"हे पाकीट माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी लिहिलं असतं, ही मेली."

सूर्यनारायणांना कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

मंगळवारी सकाळी ती सातलाच कामावर पोहोचली. नऊ कागद काढले. फोन नंबर एकाचाही नव्हता. पण एकतीस वर्षांत दर गावात तिचं कुणी ना कुणी झालं होतं. कुठं आरोग्य केंद्रातली नर्स, कुठं रेशन दुकानदार, कुठं पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. "अम्मा, इतक्या वर्षांनी!" असं म्हणत प्रत्येकानं आधी तिची चौकशी केली, मग गुडघे, मग सुना, आणि मग कुठं विचारलेल्या गोष्टीचं उत्तर दिलं. गावच्या अधिकाऱ्याच्या नोंदवहीतून तारखा निघाल्या. मंगळवारी चार, बुधवारी चार. आठही जणी खरोखर गेल्या होत्या. प्रत्येक तारीख लिहून घेताना चंद्रमतीला वाईट वाटायचं, आणि सुटल्यासारखंही वाटायचं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची तिला लाज वाटली.

नववी होती कमलाक्षी. ओरत्तनाडुच्या पलीकडचं गाव. उपचार दोन हजार पाच साली, कोरं कार्ड दोन हजार नऊच्या आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टात. चंद्रमतीला ती आठवली. काळी, उंच, किरणोपचाराच्या रांगेत उभी राहून बाकीच्या बायकांना हसवणारी. यंत्राखाली झोपताना ऑपरेटरला म्हणाली होती, "नीट भाज रे, एकीकडूनच करपवू नको." त्या गावात चंद्रमतीचं ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. गुरुवारी तिनं रजा टाकली आणि जुन्या बसस्टँडवरनं बस धरली.

या वाटेवर ती पूर्वी महिन्यातून दोनदा यायची. पिशवीत दहीभाताचा डबा, पाण्याची बाटली, मागची कार्डं. कालव्याला पाणी सुटलेलं असलं की ड्रायव्हर बस हळू घ्यायचा, बायका चिखलात ओळीनं वाकून रोपं लावत असायच्या, आणि त्यातली एखादी सरळ होऊन हात हलवायची. तिची रोगी असायची ती. बसमधली माणसं विचारायची, "कोण लागते तुमची?" आणि चंद्रमती सांगायची, "आमच्याकडची." पुढं फोन आले, आणि ती खुर्चीत बसली. फोनवर बाई बरी आहे एवढंच कळतं. ती उन्हात उभी कशी राहते ते कळत नाही.

छत्रापाशी, वाटेवरच्या जुन्या धर्मशाळेजवळ, उतरून तिनं मिनीबस पकडली. गावात शिरताच पहिल्या चहाच्या टपरीवर तिनं विचारलं, "कमलाक्षीचं घर कुठं?"

"कुठली? मारियम्मन देवळामागची?"

"होती ना ती..." चंद्रमती म्हणाली.

"होती काय, आहे," टपरीवाला म्हणाला. "आत्ताच माझ्याशी दुधावरून भांडून गेली."

चंद्रमती बाकावर बसली. त्यानं न मागताच चहा पुढं ठेवला, तोही तिनं तसाच गार होऊ दिला.

देवळामागे नारळांच्या सावलीत एक म्हातारी झावळ्या विणत बसली होती. केस पांढरे, पाठ अजून ताठ. तिनं चंद्रमतीकडे पाहिलं, डोळे बारीक केले, आणि हातातली झावळी खाली टाकली.

"कार्डअम्मा!"

तिच्या सुनेनं पाट आणला, ताक आणलं. कमलाक्षी बघतच राहिली. "केस पिकले तुमचे. जाड झालात. बरं झालं, पूर्वी फुंकर मारली तर उडाल अशा होतात."

"कमलाक्षीअम्मा," चंद्रमतीनं विचारलं, "दोन हजार नऊचं कार्ड. त्याला हळद नव्हती."

"कशी असेल? यांना जाऊन वीस दिवस झाले होते." तिनं मानेनं घराकडे खूण केली. आतल्या भिंतीवर एका पुरुषाचा फोटो होता. "तुमचं कार्ड आलं. सून म्हणाली, टाकू नका आत्ता. मी म्हटलं, टाकायला हवं, ती बाई वाट पाहत असेल. पण हळद कुठून लावू? तसंच टाकलं."

चंद्रमतीनं ताकाचा पेला जमिनीवर ठेवला.

"मग तुमचं कार्डच आलं नाही." कमलाक्षीच्या आवाजात तक्रार नव्हती. जुनी, बसून गेलेली गोष्ट सांगावी तसं ती सांगत होती. "दुसऱ्या वर्षी पोस्टमनला विचारलं. तिसऱ्या वर्षी पण विचारलं. मग म्हटलं, सोडा. माझ्या हळदीचं काम संपलं, तशी मी पण तिकडे नको असेन."

"अय्यो, तसं नाही—"

"कार्ड आलं की तपासणीला जायचं, अशी आपली रीत. कार्ड नाही म्हणजे बोलावणं नाही. न बोलावता कोण जाईल?"

चंद्रमतीच्या मनात कितीतरी कारणं तयार होती. दुखवट्याच्या घराला त्रास नको म्हणून. शंभर कार्डांत एखादं असं चुकायचंच म्हणून. ती सगळी तिनं गिळली. "मला वाटलं, तुम्ही गेलात," ती म्हणाली. "मी तसं लिहून ठेवलं. सोळा वर्षं तसं लिहिलेलं आहे. चूक माझी."

कमलाक्षी हसायला लागली. अशी हसली की तोंडाला पदर लावावा लागला. "ए, ऐकलंस का?" तिनं सुनेला हाक मारली. "मी मेलेय म्हणे! आणि तू अजून मला म्हशीला चारा घालायला लावतेस!"

सून हसली. चंद्रमतीलाही हसू आलं, आणि मग तिला डोळे पुसावे लागले. कमलाक्षीनं झावळीचा एक तुकडा घेऊन तिला वारा घातला, जसा आजारी माणसाला घालतात.

"काही त्रास?" चंद्रमतीनं डोळे पुसत विचारलं. "रक्त जातं? पोटात दुखतं? खरं सांगा."

"गुडघे दुखतात."

"ते माझेही दुखतात. दुसरं?"

"दुसरं काही नाही." तिनं झावळी पुन्हा हातात घेतली. "पण भीती वाटते. इतकी वर्षं कोणी बघितलं नाही ना."

शुक्रवारी सकाळी चंद्रमती सौम्याच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आठ तारखा तिनं टेबलावर ठेवल्या. मग नववा कागद.

"ही जिवंत आहे."

सौम्या खुर्चीतून अर्धी उठली. "जिवंत? अक्का, हे तर चांगलंच झालं की! एकशे पंधरा होत्या, एकशे सोळा झाल्या. टक्का वाढला."

"चांगलं झालं, हो. पण माझ्यामुळे नाही झालं." चंद्रमतीनं सगळं सांगितलं. पाकीट, टपरी, पोस्टमन, 'न बोलावता कोण जाईल'. सौम्या ऐकत राहिली.

"ठीक आहे. आकडा बदलते. बाकी कुणाला काय कळायचंय?"

"नक्को. लिही त्यात."

"काय लिहू?"

"की कोऱ्या कार्डावरनं मरण धरत होतो. नऊ जणींना पुन्हा शोधलं, त्यातली एक जिवंत निघाली. दुसरं कुणी अशी कार्डं वापरत असेल, तर त्याला कळायला पाहिजे."

"अक्का, जागा नाही हो! दोन हजार अक्षरं. आत्ताच एक हजार नऊशे ऐंशी झालीत."

"मग काहीतरी काढ."

दोघी पडद्यासमोर बसल्या. सौम्या इंग्रजीत वाचायची, चंद्रमती कपाळाला आठ्या घालून ऐकायची. "हे काय, 'कावेरी त्रिभुज प्रदेशातील अग्रगण्य रुग्णालय'? हे काढ. अग्रगण्य असतो तर हिला सोळा वर्षं विसरलो नसतो." सौम्यानं ते काढलं. मग एक 'अत्यंत' गेलं, मग एक 'लक्षणीय', मग पद्धतीतलं एक लांबलचक वाक्य अर्धं झालं. दोन वाजता नवं वाक्य बसलं. अक्षरं एक हजार नऊशे सत्त्याण्णव.

"आणि माझं नाव काढ," चंद्रमती म्हणाली.

सौम्यानं तिच्याकडे वळून पाहिलं. "ते काढलं तर आणखी पंधरा अक्षरं मिळतील," ती शांतपणे म्हणाली. "पण ही चूक सापडली कशी, असं तिथं कोणी विचारलं तर मी कोणाकडे बोट दाखवू?"

चंद्रमतीनं नोंदींचा मूळ कागद पुढं ओढला. संशोधनाच्या कागदावर खाडाखोड चालत नाही, पांढरा रंग चालत नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, बाजूला सही, तारीख आणि कारण. 'निधन' या शब्दावर तिनं पट्टी धरून रेघ मारली. कारणाच्या जागी लोक साधारण 'लेखनदोष' असं लिहितात. तिनं लिहिलं, 'घरात पतीचे निधन झाले होते. कार्ड कोरे असल्याने मी चुकीचा अर्थ लावला. प्रत्यक्ष भेटून खात्री केली.' जागा पुरेना, म्हणून शेवटचे दोन शब्द कडेला वळवून लिहिले.

चार वाजून दहा मिनिटांनी सौम्यानं बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. मग पोच आली, एक लांबलचक क्रमांक. "ऑक्टोबरात कळवतील," ती म्हणाली आणि दोन्ही हात वर करून आळस दिला, चिंचा चोरणाऱ्या मुलीसारखा. "घेतील का हो, अक्का?"

"घेतील नाहीतर नाही," चंद्रमती म्हणाली. तिनं फोन हातात घेतला होता. कमलाक्षीच्या सुनेचा नंबर आता कागदावर होता, नव्या शाईत.

"सोमवारी घेऊन या त्यांना," ती फोनवर सांगू लागली. "सातची बस. हो, आठवड्याचा पहिला दिवस, गर्दी असेल, पण मी आहे."

पलीकडून सुनेच्या पाठीमागे कुणीतरी मोठ्यानं विचारत होतं. चंद्रमतीनं फोन कानापासून दूर धरला, तरी ऐकू येत होतं.

"विचार तिला, उपाशी यायचं की जेवून?"

"जेवून या," चंद्रमती म्हणाली. "आणि नव्या इमारतीत चिठ्ठीच्या रांगेत उभ्या राहू नका. सरळ माझ्या खोलीत या."